मस्कीगन ते बर्लिंग्टन : स्नोबोर्ड जिथे जिथे घडला

हिवाळा आला की मी दर वीकेंडला स्नोबोर्ड, म्हणजे पाय बांधून उभ्याने बर्फावरून घसरायची फळी, गाडीत टाकून निघणारा माणूस आहे, त्यामुळे हा खेळ आला कुठून हे एकदा त्या त्या जागी जाऊन बघायचं कधीचं मनात होतं. ताई राहते ग्रँड रॅपिड्सला, मिशिगनमध्ये. तिथून मस्कीगन तासाभराच्या आत. मी राहतो बॉस्टनजवळ, तिथून व्हरमाँट अडीच-तीन तास. आणि या गोष्टीतली बरीचशी गावं याच दोन राज्यांत आहेत. नाताळला ताईकडे जाणारच होतो, भाच्याला कॉलेजची सुट्टी होती आणि त्यालाही माझ्याइतकाच बोर्डचा नाद, मग तिथूनच सुरुवात करायची आणि त्याला सोबत घेऊन व्हरमाँटला जायचं असं ठरलं.

पहिला दिवस : मस्कीगन

नाताळच्या दिवशी सकाळी निघालो. मुद्दाम तोच दिवस धरला कारण 25 डिसेंबर 1965 लाच इथे स्नोबोर्डची पूर्वज असलेली फळी बनली. ताईने थर्मासभर चहा आणि थालीपिठं बांधून दिली होती, रस्ते रिकामे, दुकानं बंद आणि जसजसं तळं जवळ यायला लागलं तसतसा बर्फ वाढत गेला. लेक मिशिगन एवढं मोठं आहे की सुरुवातीच्या हिवाळ्यात ते गोठत नाही, पश्चिमेकडून येणारा गार वारा त्यावरून येताना वाफ उचलतो आणि या काठावर आला की सगळी बर्फाच्या रूपात ओतून टाकतो. त्यात इथला किनारा म्हणजे वाळूच्या उंच टेकड्या. म्हणजे डोंगर नाही, स्की रिसॉर्ट नाही, पण घराच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की उतार आणि त्यावर भरपूर बर्फ. ही जागा डोळ्यांनी बघितल्यावर मला पहिल्यांदा नीट कळलं की हे कोलोराडोत किंवा आल्प्समध्ये न होता इथे का झालं.

शेर्मन पॉपेन इथला इंजिनिअर. बायको नॅन्सी गरोदर होती, घरात दोन मुलींचा दंगा चाललेला, म्हणून तो त्यांना घेऊन बाहेर आला. थोरली वेंडी छोट्या स्लेडवर उभी राहून खाली घसरत होती. पॉपेनला समोरचा बर्फाचा उतार गोठलेल्या लाटेसारखा दिसला, तो घरात गेला, मुलांच्या दोन स्की शेजारी शेजारी ठेवल्या आणि वरून आडव्या पट्ट्या मारून एकत्र जोडल्या. झालं. मुलींनी त्यावर आडवं उभं राहून सर्फिंगसारखं घसरायला सुरुवात केली आणि थोड्याच दिवसांत आजूबाजूच्या सगळ्या पोरांना तसंच एक हवं होतं. नॅन्सीने नाव ठेवलं स्नर्फर. पॉपेनने पेटंटचा अर्ज केला, ते 1968 मध्ये मिळालं, आणि तोवर ब्रन्सविक कंपनीने, म्हणजे बोलिंग आणि बिलियर्ड्सचं सामान बनवणाऱ्या कंपनीने, लायसन्स घेऊन स्नर्फर बाजारात आणलासुद्धा. खेळण्यांच्या, खेळाच्या दुकानांत मिळायचा आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत लाखोंनी खपला.

डाउनटाउनमध्ये स्नर्फरचं स्मारक आहे, टर्निंग पॉइंट नावाचं. नाताळच्या दिवशी तिथे आम्ही दोघंच होतो. फोटो काढले, पण मला त्याहून जास्त उत्सुकता होती ती गाडीच्या डिकीत ठेवलेल्या वस्तूची. भाच्याने गेल्या उन्हाळ्यात एका गराज सेलमध्ये जुना पिवळा स्नर्फर मिळवलाय. लाकडी पातळ फळी, पुढचं टोक वर वळलेलं, टोकाला भोक पाडून ओवलेली दोरी. पाय ठेवायच्या जागी चक्क धातूच्या स्टेपल ठोकलेल्या, बुटाला पकड मिळावी म्हणून. बाइंडिंग (बूट फळीला अडकवायची सोय) नाही, पट्टा नाही, कडेला स्टील नाही. एका बागेतल्या छोट्या उतारावर गेलो, तिथे लहान मुलं स्लेड घेऊन आली होती.

मी आधी उभा राहिलो. दोरी ओढली की टोक वर येतं, वजन मागच्या पायावर घ्यावं लागतं, आणि मऊ बर्फात ती फळी खरोखर तरंगते. पण वळायचं म्हटलं की तुम्ही तिला फक्त विनंती करू शकता. पाय मोकळे असल्यामुळे टाच दाबली तर फळी वळायच्या आधी पायच सरकतो. बर्फ थोडा घट्ट लागला की संपलं, फळी आपल्या वाटेने जाते. भाचा दोन-तीनदा खाली जाऊन आला आणि म्हणाला, "मामा, यात सगळं आहे रे, फक्त पाय बांधलेले नाहीत." मला वाटतं पुढच्या सगळ्या इतिहासाचं मूळ या एका वाक्यात आहे. आणि पाय बांधल्यावर पुढचा प्रश्न उभा राहिला, की ही फळी घेऊन डोंगरावर नेणाऱ्या स्कीच्या लिफ्टवर बसू कोण देणार.

मस्कीगनमध्ये एक गोष्ट मात्र मनात ठेवायला हवी. उभं राहून बर्फावर घसरायची कल्पना पॉपेनच्या आधीही लोकांना सुचली होती. व्हर्न विकलंड नावाच्या माणसाने 1917 मध्ये मिनेसोटातल्या क्लोके गावात पोरवयात अशी फळी बनवली होती आणि 1939 मध्ये दोन जोडीदारांबरोबर त्याचं पेटंटही घेतलं. पण ती गल्लीत राहिली. पॉपेनची दुकानात गेली आणि दुकानातून जेक कार्पेंटर नावाच्या न्यूयॉर्ककडच्या एका चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात पडली.

दुसरा दिवस : पँडो, मग विमान

ग्रँड रॅपिड्सच्या ईशान्येला रॉकफर्डजवळ पँडो म्हणून छोटी टेकडी आहे. ताईच्या घरापासून वीसेक मिनिटं. दुपारचं विमान होतं म्हणून फक्त तासभर जाऊन आलो, टेकडी इतकी लहान की व्हरमाँटमध्ये कुणी तिच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. पण 1979 ची स्नर्फिंगची चॅम्पियनशिप इथे झाली. सगळे स्नर्फर घेऊन आलेले, आणि व्हरमाँटहून आलेला जेक बर्टन कार्पेंटर, म्हणजे बर्टन या बोर्डच्या कंपनीवाला जेक, स्वतः बनवलेला बोर्ड घेऊन आला, ज्यावर पाय अडकवायला बाइंडिंग होतं. बाकीच्यांनी आरडाओरडा केला, हे स्नर्फर नाहीच, याला खेळू देऊ नका. पॉल ग्रेव्ह्ज हा त्या काळचा नावाजलेला स्नर्फरपटू, तो आणि अजून काही जण जेकच्या बाजूने उभे राहिले, मग वेगळा गट काढला आणि त्यात जेक एकटाच उतरला आणि जिंकला.

याच ग्रेव्ह्जने त्या दिवशी स्नर्फरवर फ्रीस्टाइलचे प्रकार करून दाखवले होते, गोल गिरक्या वगैरे. मला हा माणूस फार आवडतो. स्वतः त्या पिवळ्या फळीचा हिरो असताना ज्या बोर्डमुळे ती फळी मागे पडणार होती त्याला आत घ्या म्हणून भांडला.

संध्याकाळी उशिरा बॉस्टनला पोचलो. घरी वरणभात, झोप.

तिसरा दिवस : वुडस्टॉक

सकाळी निघून व्हरमाँटमध्ये वुडस्टॉकला पोचलो. इथे रूट 12 वर गिल्बर्ट्स हिल आहे, एका शेतकऱ्याचं कुरण. 1934 च्या जानेवारीत इथे अमेरिकेतला पहिला रोप टो चालला, फोर्ड मॉडेल टीच्या इंजिनवर फिरणारा दोर, तो धरायचा आणि वर जायचं. त्याआधी लोक स्की खांद्यावर घेऊन चढायचे. स्नोबोर्डचा याच्याशी काय संबंध असं वाटेल, पण लिफ्ट आल्यावर डोंगरावर मालक आला, तिकीट आलं, आणि कोणाला वर सोडायचं हे ठरवणारा माणूस आला. पुढची पन्नास वर्षं तो फक्त स्कीवाल्यांना सोडत होता.

तिथून काही मिनिटांवर सॅस्काडीना सिक्स. 2022 पर्यंत याचं नाव सुइसाइड सिक्स होतं. रिसॉर्ट लहान, साडेसहाशे फुटांची उंची, पण समोरचा द फेस नावाचा उतार बघून माणूस गप्प होतो, सरळ खाली. 1982 मध्ये ग्रेव्ह्जने इथे नॅशनल स्नोसर्फिंग चॅम्पियनशिप भरवली आणि पहिल्यांदाच पूर्वेचे आणि पश्चिमेचे लोक एका डोंगरावर समोरासमोर आले. जेक त्याची टीम घेऊन आला, कॅलिफोर्नियाहून स्केटबोर्डर टॉम सिम्स आला. डाउनहिल, म्हणजे सरळ उतरायची रेस, सिम्सने जिंकली आणि एकूण पहिला आला बर्टनच्या टीमचा डग बूटन.

आम्ही गेलो त्या दिवशी फेसवर रात्रीचं पाणी गोठून काच झाली होती. व्हरमाँटचा बर्फ असाच, दुपारी वितळतो रात्री गोठतो. मी खाली उतरताना मुद्दाम हळू गेलो आणि पायाखाली काय चाललंय तिकडे लक्ष दिलं. टाचेची कड बर्फात रुतते आणि कर्रर्र असा आवाज येत राहतो, तो आवाज थांबला की समजायचं पकड सुटली. ही सगळी पकड बोर्डच्या कडेला बसवलेल्या स्टीलच्या पट्टीची, जी अगदी दोनेक मिलिमीटर रुंद असते. 1982 मध्ये इथे उतरलेल्या बोर्ड्सना अशा कडा नव्हत्या, त्या साधारण 1985 च्या आसपास रुळल्या. म्हणजे लाकडाच्या कडेवर, नाहीतर खाली लावलेल्या फिनवर (माशाच्या परासारख्या पात्यावर) ते लोक या काचेवरून रेस लावत होते! भाचा खाली पोचला, वर वळून बघितलं आणि म्हणाला, "मला पैसे दिले तरी नाही करणार." मलाही आदरच वाटला त्यांच्याबद्दल, दुसरा शब्द नाही.

रात्री मोटेलच्या खोलीत सिम्स मोठा की बर्टन यावर आमचं जोरात वाजलं. भाचा सिम्सवाला. त्याचं म्हणणं चुकीचं नाही. सिम्स न्यू जर्सीतल्या हॅडनफील्डचा, 1963 मध्ये आठवीत असताना शाळेच्या सुतारकामाच्या वर्गात त्याने फळी बनवली, वर कार्पेट चिकटवलं, खाली अॅल्युमिनियमचा पत्रा, कारण हिवाळ्यात स्केटबोर्ड चालवता येत नव्हता. म्हणजे पॉपेनच्याही आधी. पुढे तो कॅलिफोर्नियात मोठा स्केटबोर्डर झाला आणि स्केटबोर्डचं अंग त्याने बर्फावर आणलं. 1983 मध्ये सोडा स्प्रिंग्जला त्याने स्पर्धेत हाफपाइप, म्हणजे अर्ध्या नळीसारखी बर्फाची घळ, ठेवला तेव्हा बर्टनच्या टीमने विरोध केला होता, की याचा आपल्या खेळाशी संबंध काय. आज ऑलिम्पिकमध्ये लोक जागून बघतात ते हाफपाइपच. आणि युटामधला दिमित्रिये मिलोविच राहिलाच, त्याने सत्तरच्या दशकातच विंटरस्टिक नावाने माशाच्या शेपटीसारखे मागे फाटलेले बोर्ड बनवले, खोल, भुसभुशीत बर्फासाठी, ते आकार आता परत फॅशनमध्ये आलेत.

चौथा दिवस : लंडनडेरी आणि स्ट्रॅटन

या दिवसासाठीच खरं तर सगळा खटाटोप केला होता. लंडनडेरी हे दक्षिण व्हरमाँटमधलं लहानसं गाव, वेस्ट रिव्हरच्या काठी, एक-दोन दुकानं, चर्च, लाल रंगाची गोठेवजा धान्याची कोठारं. 1977 मध्ये न्यूयॉर्कमधली नोकरी सोडून तेवीस वर्षांचा जेक इथे आला आणि एका कोठारात बोर्ड बनवायला लागला. स्नर्फर चौदाव्या वर्षापासून पायाखाली होता आणि त्याचं एकच म्हणणं होतं, की हे खेळणं नाही, हा खेळ आहे, फक्त कोणीतरी त्याच्यावर नीट काम केलं पाहिजे. सुतारकाम येत नव्हतं. लाकूड वाकवून बघितलं, प्लायचे थर चिकटवून बघितले, फायबरग्लास लावून बघितलं, शंभराच्या आसपास नमुने बनवले. दिवसा बोर्ड, रात्री बारमध्ये काम, उन्हाळ्यात टेनिस शिकवायचं. गाडीत बोर्ड टाकून दुकान दुकान हिंडायचं आणि बहुतेक ठिकाणी नाही ऐकून परत यायचं. सुरुवातीचा बॅकहिल नावाचा बोर्ड म्हणजे अजून अर्धा स्नर्फरच, दोरी होतीच, पण पायाला रबराचा पट्टा आला होता.

आम्ही गावातून हळूहळू गाडी चालवत गेलो, जनरल स्टोअरमध्ये कॉफी आणि व्हरमाँट चेडर घेतलं आणि बाहेर उभे राहून खाल्लं. इथून वीस-पंचवीस मिनिटांच्या परिघात स्ट्रॅटन, ब्रॉमली, मॅजिक असे तीन डोंगर आहेत, तिन्हींवर लिफ्ट होत्या, आणि बोर्ड बनवणाऱ्या माणसाला त्यातली एकही वापरायला परवानगी नव्हती. मग तो आणि त्याचे मित्र रात्री, लिफ्ट बंद झाल्यावर, बोर्ड काखेत मारून चालत वर जायचे. एक उतरण मिळवायला तास-दीड तास चढाई. मला ट्रेकिंगची सवय आहे तरी बर्फात बूट घालून चढणं काय असतं हे माहीत आहे, त्यामुळे या गोष्टीपुढे मला बाकी सगळ्या गोष्टी फिक्या वाटतात.

स्ट्रॅटनला पोचलो तर सुट्टीची प्रचंड गर्दी, पार्किंगपासूनच बोर्डवाले आणि स्कीवाले एकत्र. 1983 मध्ये या डोंगराचा कारभार बघणाऱ्या पॉल जॉन्स्टनने बोर्डवाल्यांना लिफ्टवर येऊ दिलं. मोठ्या स्की रिसॉर्टपैकी हे पहिलं. मालक लोकांना भीती होती अपघाताची, कोर्टकचेरीची, इन्शुरन्सची, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांची, ज्यांना ही पोरं उर्मट वाटायची. म्हणून आधी परीक्षा ठेवली, वळून दाखवा, थांबून दाखवा, मग कार्ड मिळेल. 1985 मध्येसुद्धा अमेरिकेतल्या जेमतेम सात टक्के रिसॉर्ट्समध्ये बोर्ड चालत होते.

गोंडोलातून वर गेलो. वरचं टोक 3,875 फूट, हवा स्वच्छ होती, चारी बाजूंना ग्रीन माउंटन्सच्या रांगा. तिथे बाकावर बसून मी पट्टे लावत होतो, घोट्यावरचा कर्र कर्र करत घट्ट होतो, मग पंजावरचा, आणि पोटरीच्या मागे टेकलेला तो उभा प्लास्टिकचा हायबॅक. टाचेच्या बाजूला रेलायचं तर काहीतरी मागे हवं हे जेफ ग्रेलसारख्या लोकांनी ऐंशीच्या सुरुवातीला शोधून काढलं, त्याशिवाय कडक बर्फावर टाचेचं वळण जमणं कठीणच होतं. लिफ्टवर बसायची परवानगी मिळाली ती योग्य वेळी मिळाली असं मला वाटतं, कारण लिफ्टमुळे दिवसाला एकाच्या जागी पंधरा उतरणी मिळायला लागल्या आणि बाइंडिंगमध्ये, कडांमध्ये, काय चुकतंय ते लगेच कळायला लागलं. स्टीलच्या कडा आणि हायबॅक पुढच्या दोन-तीन वर्षांत सर्रास झाले, हा योगायोग नाही.

वुडस्टॉकची ती स्पर्धा मध्ये स्नो व्हॅलीला जाऊन 1985 मध्ये इथे आली आणि यूएस ओपन म्हणून 2012 पर्यंत इथेच व्हायची. आणि शेजारच्या साउथ लंडनडेरीत वाढलेला रॉस पॉवर्स, जन्म 1979, म्हणजे पँडोच्या त्या वर्षीचा, 1998 मध्ये नागानोला स्नोबोर्डिंग पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आलं तेव्हा हाफपाइपमध्ये ब्राँझ घेऊन आला, आणि 2002 मध्ये सॉल्ट लेकला गोल्ड. त्या कोठाराच्या गावचा मुलगा! पंचवीस वर्षांत एवढं. हे मी भाच्याला चेअरलिफ्टवर सांगत होतो आणि सांगता सांगता माझाच आवाज चढत होता.

पाचवा दिवस : मॅड रिव्हर ग्लेन, स्टो

रूट 100 वरून उत्तरेला. हा रस्ता कुणी चुकवू नये. वाटेत मॅड रिव्हर ग्लेनला मुद्दाम थांबलो, खेळायला नाही कारण तिथे आम्हाला मनाई आहे. अमेरिकेत आता तीनच रिसॉर्ट्स बोर्डवाल्यांना घेत नाहीत, युटामधली आल्टा आणि डिअर व्हॅली, आणि हे. 1995 पासून हे सहकारी आहे, म्हणजे अगदी आपल्याकडच्या सहकारी संस्थेसारखं, सभासदांचे शेअर्स आणि सभासदांचं मत. एका माणसाची खुर्ची असलेली 1948 ची लिफ्ट त्यांनी जपलीय, कृत्रिम बर्फ जवळजवळ नाही, डोंगर जसा आहे तसा. पार्किंगमध्ये उभं राहून ती एकेकटी खुर्ची झाडांमधून वर जाताना बघितली, सुंदर आहे ते, खरंच. पण मला राग येतो. काल ज्या बंदीच्या गोष्टी ऐकून अंगावर काटा आला ती बंदी इथे आजही आहे.

भाच्याचं मत वेगळं. "राहू दे ना मामा, त्यांचा डोंगर, त्यांनी मत दिलं. आपल्याला बाकी सगळे आहेत." मी म्हटलं, जेकला कोणीच असं म्हणालं नाही की बाकी सगळे आहेत. यावर स्टो येईपर्यंत चर्चा चालू होती आणि कोणाचंच मत बदललं नाही.

स्टोला गावातल्या 1818 च्या जुन्या टाउन हॉलमध्ये स्की आणि स्नोबोर्ड म्युझियम आहे. लहान आहे, तासात होतं, जुन्या लाकडी स्की आणि लिफ्टचे अवशेष बघायला छान. रात्री कडाक्याची थंडी, मायनस अठरा सेल्सियस.

सहावा दिवस : बर्लिंग्टन

लेक शॅम्प्लेनच्या काठचं बर्लिंग्टन. बर्टन कंपनी 1992 मध्ये इथे आली. हेडक्वार्टरमधल्या दुकानात जुने बोर्ड्स भिंतीवर लावलेत, भाचा नव्या सामानाकडे गेला आणि मी त्या भिंतीपाशीच रेंगाळलो. सुरुवातीच्या लाकडी बोर्डवर पुढच्या टोकाला दोरीचं भोक आहे, वरून पाहिलं तर लाकडाचे थर कडेला मोजता येतात. आणखी काही बोर्ड पुढे दोरी गेलेली, भोक गेलेलं, मग स्टीलची चमकती कड दिसायला लागते. मग मागचं टोकही वर वळलेलं. मस्कीगनला पायाखाली जी फळी घेतली होती तिच्यापासून माझ्या गाडीतल्या बोर्डपर्यंतचे सगळे टप्पे.

कंपनीच्या नमुने बनवायच्या जागेला क्रेग केलीचं नाव दिलंय. केली हा ऐंशी-नव्वदच्या दशकातला सगळ्यात देखणा रायडर, स्पर्धा ऐन भरात असताना सोडून डोंगरात भटकायला गेला आणि 2003 मध्ये ब्रिटिश कोलंबियात हिमस्खलनात गेला. बोर्ड बनवणाऱ्यांनी रायडरचं ऐकायचं असतं ही पद्धत जेकने केलीबरोबर काम करता करता पक्की केली असं म्हणतात आणि मला ते पटतं.

सिम्स 2012 मध्ये गेला. पॉपेन आणि जेक दोघंही 2019 मध्ये, पॉपेन जुलैत, जेक नोव्हेंबरमध्ये. पॉपेनबद्दल एक गोष्ट मला फार आवडते, तो म्हातारपणी कोलोराडोत स्टीमबोट स्प्रिंग्जला राहायला गेला आणि सदुसष्टाव्या वर्षी स्वतः स्नोबोर्डिंग शिकला. भाच्याला हे माहीत नव्हतं, त्याने लगेच ताईला फोन लावून सांगितलं आणि बाबांना यावर्षी सोडायचं नाही म्हणाला. भावोजी एकसष्टचे आहेत.

कुणाला जायचं असेल तर : नाताळचा आठवडा टाळा, जानेवारीत मधल्या वारी जा, स्ट्रॅटनचं तिकीट आधीच ऑनलाइन घ्या, खिडकीवर फार महाग पडतं. सॅस्काडीना सिक्स त्यामानाने स्वस्त आहे आणि शिकणाऱ्यांसाठी बाजूला सोपे उतार आहेत, फेसवर मात्र कडा धार लावलेल्या असतील तरच जा. व्हरमाँटमध्ये स्नो टायर हवेतच. मस्कीगनला उन्हाळ्यातही जाता येईल, वाळूच्या टेकड्या तशाच असतात, पण बर्फ पडल्यावर गेलात आणि कुणाकडे जुना स्नर्फर असेल तर तो मागून घ्या आणि एकदा तरी दोरी धरून खाली या.